पेशंटला बरं वाटतं पण नेमकं कशामुळे ते सांगता येत नाही, क्लिनिकल रिझनिंग सुधारायचं कसं?

नवी_फिजिओ

नमस्कार, इथे नेहमी नुसतं वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मस्क्युलोस्केलेटल, म्हणजे हाडं-सांधे-स्नायूंची फिजिओ आहे. ज्या क्लिनिकमध्ये काम करते तिथे एक कायरोप्रॅक्टर (हाताने मणक्यावर उपचार करणारे) सरही आहेत. काम चांगलं चाललंय, बऱ्याच जणांना बरं वाटतं, कोणाची तक्रार नाही. पण मला आतून पटत नाहीये. पेशंट बरा झाला तर तो माझ्या ट्रीटमेंटने झाला, का आपोआप होणारच होता, का कोणीतरी शांतपणे ऐकून घेतलं म्हणून झाला, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि बरा नाही झाला तर अजून एक टेक्निक लाव, अजून एक मशीन लाव असं सुरू होतं, त्याला विचार म्हणवत नाही.

दोन ठिकाणी घोडं अडतं. पेशंट बहुतेक वेळा एमआरआय घेऊनच येतो, आणि एकदा का "एल फोर, एल फाइव्ह डिस्क बल्ज" (कंबरेतल्या मणक्यांमधली गादी फुगलेली) वाचलं की पुढचे सगळे प्रश्न आपोआप त्याच दिशेने जातात. दुसरं म्हणजे कोर्सेस. मॅकेन्झी केला की सगळ्यांना एक्स्टेन्शन (मागे वाकायचे व्यायाम) द्यावंसं वाटतं, मायोफेशियल केला की सगळीकडे ट्रिगर पॉइंट (स्नायूतल्या दुखऱ्या गाठी) सापडतात, कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं तसं.

आत्ताचंच उदाहरण देते. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई आहेत, मान दुखते, दोन्ही हातांना मुंग्या येतात, आधी कुठेतरी कार्पल टनेल (मनगटात नस दबणं) सांगून मनगटाला स्प्लिंट दिलेत, त्याने काडीचा फरक नाही. मला सर्व्हायकल रॅडिक्युलोपथी (मानेत नस दबणं) वाटतेय, सरांचं म्हणणं मानेचे सांधे जाम आहेत, मॅनिप्युलेशन (हाताने झटका देऊन सांधा मोकळा करणं) करून बघू. दोघं एकाच माणसाला बघतोय आणि दोन वेगळी नावं सांगतोय, आणि आपलंच का बरोबर ते दोघांनाही धड सांगता येत नाही. सर मोकळ्या मनाचे आहेत, भांडण वगैरे काही नाही.

तर तुम्ही लोक पेशंटसमोर बसल्यावर नेमका विचार कसा करता? पुस्तकातल्या व्याख्या माझ्याकडे आहेत, त्या नकोत. रोजच्या कामात बसेल असं काहीतरी सांगा.

---

जुना_सांधा

आधी त्या बाईंचं बोलू, बाकी सगळं नंतर. दोन्ही हातांना मुंग्या म्हटल्यावर मज्जारज्जूवर दाब नाही ना हे तपासल्याशिवाय मानेला मॅनिप्युलेशन नाही म्हणजे नाही, सरांना आजच फोन करून सांगा. रॅडिक्युलोपथी सहसा एका बाजूची असते आणि एका नसेच्या पट्ट्यात उतरते. दोन्ही बाजूंना आहे म्हटलं की मायलोपथी, म्हणजे मज्जारज्जूच दबणं, यादीत सगळ्यात वर गेली पाहिजे. मायलोपथीच्या लोकांना कार्पल टनेल सांगितलं जाणं हे नवीन नाही, हातातल्या मुंग्या सारख्याच वाटतात म्हणून तिथेच गाडी थांबते.

विचारायचं काय ते सांगतो. बटणं लावायला, हुक अडकवायला हल्ली वेळ लागतो का. अक्षर बदललंय का, मोबाईलवर टाइप करताना बोटं चुकतात का. हातातून वस्तू निसटतात का. अंधारात चालताना तोल जातो का, जिना उतरताना आता कठडा लागतो का. लघवीला अचानक घाई होते का. हे पेशंट स्वतःहून सांगत नाहीत कारण त्यांच्या मते याचा मानेशी काही संबंध नाही, वय झालं म्हणून होतंय असं धरून चालतात.

मग तपासा. कुक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पाच गोष्टी एकत्र मांडल्यात: चालीत बदल, हॉफमन पॉझिटिव्ह, इन्व्हर्टेड सुपिनेटर साइन (मनगटाजवळ ठोकल्यावर बोटं मिटणं), बॅबिन्स्की पॉझिटिव्ह (तळवा घासल्यावर पायाचा अंगठा वर जाणं) आणि वय ४५ च्या वर. पाचातल्या तीन जुळल्या तर शक्यता फार वाढते, एकच जुळली किंवा एकही नाही तर बरीच खाली येते. वयाची एक या बाईंची आधीच जुळली, हे लक्षात ठेवून पुढे जा. हॉफमन घाईत करू नका, हात पूर्ण सैल पाहिजे, मधल्या बोटाचं शेवटचं पेर दोन बोटांत धरून नखावरून खाली झटकन सोडायचं आणि बघायचं अंगठा आणि तर्जनी आत वळतात का. शिवाय १० सेकंदात मूठ उघडबंद किती वेळा होते ते मोजा, निरोगी माणूस २० किंवा जास्त वेळा करतो, बोटं पूर्ण उघडून आणि पूर्ण मिटून. एकेका टेस्टवर जाऊ नका, हॉफमन काही निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येतो आणि मायलोपथी असलेल्या काहींत निगेटिव्ह.

आता तुमचा मूळ प्रश्न.

एमआरआयचा रिपोर्ट टेबलवर उलटा ठेवा, हिस्टरी आणि तपासणी झाल्यावर वाचा. पेशंटला तसं सांगायचं, "आधी तुमच्याकडून ऐकतो, मग फोटो बघतो", कोणी नाराज होत नाही. २०१५ मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी अजिबात दुखत नसलेल्या ३११० माणसांचे इमेजिंगचे निष्कर्ष एकत्र केले. डिस्क डीजनरेशन २० वर्षांच्या वयोगटात ३७ टक्के आणि ८० च्या वयोगटात ९६ टक्के, बल्ज ३० टक्क्यांपासून ८४ टक्क्यांपर्यंत. म्हणजे तुमच्या समोरच्या पंचेचाळिशीच्या माणसात बल्ज सापडणं हे केस पांढरे सापडण्याइतकंच साधं आहे. रिपोर्ट तेव्हाच कामाचा जेव्हा तुमच्या तपासणीतून निघालेल्या एखाद्या शक्यतेशी तो जुळतो, म्हणजे पाचव्या लंबर नसेची ताकद कमी, त्याच पट्ट्यात बधिरपणा आणि फोटोत त्याच नसेवर दाब. नुसता बल्ज म्हणजे काहीच नाही.

रोज करण्यासारखी गोष्ट एकच सांगतो. हिस्टरी संपली की पेशंटला हात लावायच्या आधी कागदावर तीन शक्यता लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर लिहायचं की काय दिसलं तर मी ही खोडेन. "काय दिसलं तर पक्की होईल" हे लिहू नका. पक्कं करणारं आपल्याला नेहमीच सापडतं, शोधायला गेलं की दाबून दुखणारी जागा कुठल्याही माणसात सापडते.

समजा एका बाजूच्या नितंबात दुखतंय. मी लिहीन कंबर, हिप, एसआय जॉइंट (मणका आणि कमरेचं हाड जोडणारा सांधा). हिपचं इंटर्नल रोटेशन (मांडी आतल्या बाजूला वळवणं) पूर्ण आहे आणि दुखत नाही तर हिप खाली जातं. कंबरेच्या वारंवार हालचालीने दुखणं पायाकडून कंबरेकडे सरकत असेल तर एसआय खाली जातो, मग त्याच्या टेस्ट कितीही दुखल्या तरी. लास्लेटच्या २००३ आणि २००५ च्या कामातून हेच कळतं, डिस्ट्रॅक्शन, कम्प्रेशन, थाय थ्रस्ट, सेक्रल थ्रस्ट या एसआयवर दाब देणाऱ्या टेस्टपैकी दोन तरी दुखल्या तर एसआयचा विचार करायचा, पण सेंट्रलायझेशन होणाऱ्यांना, म्हणजे ज्यांचं दुखणं असं कंबरेकडे सरकतं त्यांना, आधी बाजूला काढून. एकच टेस्ट दुखली आणि एसआय ठरवला असं रोज होतंय सगळीकडे. क्रम महत्त्वाचा आहे, कंबर आधी तपासा, मग एसआय.

मग ट्रीटमेंट. जेफ्री मेटलंड यांनी लावलेली शिस्त मला अजून सगळ्यात कामाची वाटते. पेशंटचं नेहमीचं दुखणं जिच्यातून निघतं अशी एक हालचाल पकडायची, एकच गोष्ट करायची आणि लगेच तीच हालचाल परत बघायची. तीन गोष्टी एकदम केल्यात तर कशाने फरक पडला हे देवालाही सांगता येणार नाही. फक्त एक सांभाळा, सेशनमध्ये हालचाल सुधारली म्हणजे कारण सापडलं असं नाही. नुसत्या हात लावण्यानेही दुखणं तात्पुरतं कमी होतं. आणि माणूस आपल्याकडे येतो तेच दुखणं टोकाला गेल्यावर, तिथून ते बहुतेक वेळा खालीच येतं, काहीही केलं तरी. नवीन कंबरदुखी पहिल्या सहा आठवड्यांत बहुतेकांची बऱ्यापैकी उतरते, म्हणून चौथ्या आठवड्यात बरा झालेला पेशंट हा तुमच्या टेक्निकचा पुरावा धरू नका.

---

धावपळ

सगळं मान्य, पण हे ज्याला एका पेशंटला पाऊण तास मिळतो त्याने करावं. आमच्याकडे एक उठला की दुसरा बसतो, कागदावर तीन शक्यता लिहायला बसलो तर बाहेरची रांग दारात येईल. आणि खरं सांगायचं तर गुडघा बघून दोन मिनिटांत कळतं काय आहे ते, अनुभवाला काही किंमत आहे की नाही? सीनियर लोक असे विचार करत बसत नाहीत, बघतात आणि सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर असतात.

---

जुना_सांधा

धावपळ, तुमचं अर्ध मला मान्य आहे. एल्स्टीन आणि सहकाऱ्यांचं १९७८ चं काम याच प्रश्नावर होतं, अनुभवी डॉक्टर वेगळा विचार करतात का. निघालं असं की शक्यता सगळेच अगदी सुरुवातीला बांधतात आणि मोजक्याच बांधतात, त्यात अनुभवी आणि नवखे फार वेगळे नाहीत. आणि एका केसमध्ये हुशार ठरलेला माणूस दुसऱ्या केसमध्ये तसा ठरतोच असं नाही. म्हणजे क्लिनिकल रिझनिंग ही एकदा कमावली की सगळीकडे चालणारी ताकद नाही. तुम्ही गुडघ्यात पटकन आणि बरोबर असाल कारण हजारो गुडघे बघितलेत, त्याच घाईने मान बघाल तर ती किंमत तिथे चालत नाही.

म्हणून नेहमीचा गुडघा नेहमीसारखाच बघा, कोण अडवतंय. कागद काढायचा तो गोष्ट जुळत नाही तेव्हा. मी चार वेळांना थांबतो: दुखणं कुठल्याच हालचालीने कमीजास्त होत नाही, दोन्ही बाजूंना आहे, अपेक्षेप्रमाणे उतरत नाही, किंवा पेशंट दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा तेच एक वाक्य सांगतोय आणि मी ते कुठे बसवू शकत नाहीये. दिवसात असे एक-दोनच निघतात. तेवढ्यांना वेळ नाही म्हणायची सोय आपल्याला नाही.

---

मणका_आणि_मी

मी कायरोप्रॅक्टर, म्हणून त्या सरांच्या बाजूने नाही पण त्यांच्या खुर्चीतून बोलतो.

आमच्या व्यवसायाची सुरुवात १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्टला डी. डी. पामर यांच्यापासून झाली, आणि तेव्हापासून एक कल्पना आमच्याबरोबर चालत आलीय की मणका जागेवरून हलतो, आम्ही बोटांनी तो शोधतो आणि परत बसवतो. ही कल्पना आज टिकत नाही आणि हे आम्ही स्वतः मोठ्याने म्हटलं पाहिजे. दोन माणसांनी एकाच पाठीची हालचाल बोटांनी तपासली तर त्यांचं एकमत फार कमी होतं, आणि एका ठरावीक सांध्यासाठी केलेल्या मॅनिप्युलेशनचा आवाज बऱ्याचदा शेजारच्या सांध्यातून येतो. तरीही पेशंटला बरं वाटतं, हे खरंच आहे. बहुधा त्यात मज्जासंस्थेचा प्रतिसाद, स्नायूंचं सैल होणं आणि भीती कमी होणं हे सगळं मिसळलेलं असतं. म्हणजे साधन कामाचं आहे, आपण सांगतो ते कारण चुकीचं आहे. आणि कारण चुकीचं धरलं की पुढचे सगळे निर्णय चुकतात, किती वेळा करायचं, कधी थांबायचं, कोणाला करायचंच नाही.

कुठे बसतं ते गाइडलाइन्समध्ये स्पष्ट आहे. इंग्लंडच्या नाइसने (उपचारांच्या गाइडलाइन्स काढणारी संस्था) २०१६ मध्ये सांगितलं की कंबरदुखीत मॅन्युअल थेरपी, म्हणजे हाताने करायचे उपचार, द्यायची तर व्यायामासकट असलेल्या पॅकेजचा भाग म्हणून, एकटी नाही. डब्ल्यूएचओच्या २०२३ च्या जुनाट कंबरदुखीच्या गाइडलाइनमध्येही स्पायनल मॅनिप्युलेशन आहे, पण शिक्षण, व्यायाम आणि मानसिक आधाराच्या उपचारांच्या बरोबरीने. त्यामुळे "वर्षभर दर आठवड्याला या, आधीच पैसे भरा" असं जे कोणी करतात त्याला मी सरळ चुकीचं म्हणतो. बरं होणारा माणूस महिनोन्महिने आमच्या टेबलवर कशाला पाहिजे?

रिझनिंगबद्दल माझा मुद्दा वेगळा आहे, ट्रीटमेंटला पेशंट कसा प्रतिसाद देतो हीच तपासणीतली सगळ्यात मोठी माहिती असते आणि आपण ती वाया घालवतो. एक नमुना सांगतो जो माझ्या टेबलवर वारंवार येतो. तिशीच्या आतला तरुण, कंबर आणि नितंब, कधी या बाजूला कधी त्या, कित्येक महिने. मॅनिप्युलेशन केलं की दोन दिवस छान, मग परत तेच. सगळे म्हणतात "चला, आराम तर पडतोय", आणि चालू ठेवतात. इथे थांबून विचारायचं की सकाळी उठल्यावर किती वेळ जखडलेलं असतं, अर्ध्या तासाच्या वर का? आराम केल्यावर वाढतं आणि हालचालीने कमी होतं का? रात्री उत्तरार्धात जाग येते का? डोळा लाल होऊन दुखला होता का कधी, सोरायसिस, पोटाचा जुना त्रास, घरात कोणाला असं? ४५ च्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांच्या वर टिकलेली आणि अशा वागणुकीची पाठदुखी म्हणजे अ‍ॅक्सियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस (मणक्याचा दाहाचा संधिवात) डोक्यात आला पाहिजे आणि माणूस र्‍हुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाताच्या डॉक्टरकडे) गेला पाहिजे. या आजाराचं निदान सरासरी कित्येक वर्षं उशिरा होतं, आणि त्या वर्षांत हा तरुण आपल्यापैकीच कोणाच्या तरी टेबलवर दोन-दोन दिवसांचा आराम घेत असतो.

मानेबद्दल एकच. नवीन, आधी कधी न झालेली मानदुखी किंवा डोकेदुखी, अचानक सुरू झालेली, ती धमनी फाटल्याचं पहिलं लक्षण असू शकते. कॅसिडी यांच्या २००८ च्या ओंटारिओच्या अभ्यासात असा स्ट्रोक झालेली माणसं आधी कायरोप्रॅक्टरकडे जशी गेलेली आढळली तशीच फॅमिली डॉक्टरकडेही गेलेली आढळली, त्यामुळे त्यातले काही तरी आधीच फाटलेली धमनी घेऊन आले होते असं मानायला जागा आहे. आमचे काही लोक याचा अर्थ "बघा, आम्ही सुरक्षित" असा घेतात. मला तो उलटा वाटतो, असा माणूस माझ्या दारात येणार आहे, आणि तो ओळखायची जबाबदारी माझी आहे. चक्कर, दोन दोन दिसणं, बोलताना अडखळणं, गिळायला त्रास, चेहरा बधिर, डोळ्याची पापणी खाली, यातलं काहीही असलं तर टेबल नाही, हॉस्पिटल. रक्तदाब घ्या, प्रत्येकाचा. आणि मानेचं मॅनिप्युलेशन करायच्या आधी धोका काय, दुसरे पर्याय काय हे पेशंटला सांगून त्याचं हो घ्या, त्याने नाही म्हटलं तर तोंड वाकडं न करता दुसरं करा.

---

रिहॅब_ओटी

मी न्यूरो रिहॅबमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, आमच्याकडे निदान बहुतेक वेळा आधीच झालेलं असतं, स्ट्रोक तर स्ट्रोक. त्यामुळे आमचं रिझनिंग "काय झालंय" पेक्षा "याचं नेमकं काय अडलंय आणि का" इथे असतं. कप तोंडापर्यंत जात नाही, तर ताकद नाही म्हणून, का खांदा दुखतो म्हणून, का त्या बाजूकडे लक्षच जात नाही म्हणून? तिन्हींची ट्रीटमेंट पूर्ण वेगळी आहे, पण फाइलमध्ये तिन्हींना "हाताचे व्यायाम" असं लिहून पाट्या टाकल्या जातात. डब्ल्यूएचओचं आयसीएफ हे वर्गीकरण २००१ पासून आहे, शरीर, कृती, सहभाग आणि आजूबाजूची परिस्थिती वेगळी मांडायला ते फार उपयोगी पडतं, फक्त कॉलेजात पाठ करून सोडून दिलं जातं.

नवी_फिजिओ, तुम्ही विचारलंय बरं कशामुळे वाटलं ते कसं कळणार. त्याच्या आधीची पायरी, बरं वाटलं हे तरी कसं कळतं? "कसं वाटतंय" विचारलं की माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून "बरं आहे" म्हणतो. पेशंट स्पेसिफिक फंक्शनल स्केल वापरून बघा, स्ट्रॅटफोर्ड यांचं १९९५ चं आहे, अगदी सोपं. पेशंटनेच न जमणाऱ्या तीन-चार गोष्टी सांगायच्या आणि प्रत्येकीला ० ते १० मार्क द्यायचे. सरासरी २ नी वाढली तर खरा बदल धरायचा. कंबरेसाठी ऑस्वेस्ट्री ही प्रश्नावली घेत असाल तर साधारण १० पॉइंटपेक्षा कमी फरकाने हुरळून जाऊ नका. दोन मिनिटांचं काम आहे, धावपळ यांनाही जमेल.

आणि जे पेशंट मध्येच यायचे थांबले त्यांना फोन करा. आपण धरून चालतो की ते बरे झाले. आम्ही फोन करायला लागलो तेव्हा कळलं की काही बरे झालेत, काही दुसरीकडे गेलेत, आणि काहींना व्यायामाने जास्त दुखलं पण आम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. आपला सगळा अनुभव परत येणाऱ्या माणसांवर उभा असतो, न आलेल्यांचं उत्तर त्यात नसतंच.

---

कंबर_कसून

मी पेशंट आहे, डॉक्टर नाही, चालेल ना इथे लिहिलं तर? मला एका ठिकाणी सांगितलं होतं की तुमची गादी सरकलीय, वाकाल तर कायमचं बसाल. मी त्यानंतर खाली पडलेली वस्तू उचलणं सोडलं, मुलीला कडेवर घेणं सोडलं, झोपेत कूस बदलताना पण भीती. दुखणं तेवढंच राहिलं पण आयुष्य छोटं झालं. नंतर ज्या फिजिओ भेटल्या त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून खुर्चीवरची पिशवी उचलून घेतली, मग जमिनीवरची. त्यांनी विचारलं होतं की तुम्हाला काय होईल असं वाटतंय, हे मला तोपर्यंत कोणीच विचारलं नव्हतं. तुमच्या त्या तीन शक्यतांच्या कागदावर पेशंटला स्वतःला काय वाटतंय यालाही एक ओळ ठेवा एवढीच विनंती.

---

जुना_सांधा

कंबर_कसून, तुमची ओळ कागदावर सगळ्यात वर पाहिजे. इंग्लंडच्या कील विद्यापीठाचं स्टार्ट बॅक टूल याच कामासाठी आहे, नऊच प्रश्न, त्यातले बरेच भीती आणि काळजीचे. मी ते हिस्टरीच्या आधी भरून घेतो.

---

नवी_फिजिओ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बाईंना बोलावून घेतलं, सरांनी मॅनिप्युलेशनचा विचार लगेच सोडला आणि तपासणीला स्वतः येऊन बसले. बटणांचं विचारलं तर त्या म्हणाल्या हल्ली बटणांचं काही घालतच नाही, पुढे विचारलं का, तर म्हणे बोटं ऐकत नाहीत. जिन्याला कठडा लागतो, वर्षभरापासून. हॉफमन दोन्हीकडे, बॅबिन्स्की उजवीकडे, एका रेषेत टाच-पंजा चालायला सांगितलं तर तोल जातो, मूठ १० सेकंदात १४ वेळा. हे सगळं पहिल्या भेटीत समोर बसलं होतं, फक्त मुंग्या हा शब्द हाताच्या बाजूने ऐकला गेला.

आता रेफर करायचंय. स्पाइन सर्जनला पत्र लिहायला घेतलं तर परत तेच, "मानदुखी आणि मुंग्या, कृपया तपासावे" एवढंच सुचतं. यात नेमकं काय लिहायचं म्हणजे ते वेटिंग लिस्टच्या तळाला जाणार नाही? आणि तोपर्यंत मी बाईंना काय करू देऊ?

---

जुना_सांधा

पहिल्या ओळीत तुमचा संशय स्पष्ट लिहा, "सर्व्हायकल मायलोपथीची शक्यता, लवकर तपासणी आणि मानेचा एमआरआय व्हावा ही विनंती". पत्र वाचणारा पहिली ओळ वाचून प्राधान्य ठरवतो. मग आता दिलंत तसंच आकड्यांत, हॉफमन दोन्ही बाजू, बॅबिन्स्की उजवा, टँडम चाल अस्थिर, ग्रिप रिलीज १४. बोटांचा त्रास आणि जिन्याचा त्रास कधीपासून, आणि गेल्या काही आठवड्यांत वाढतोय का तसाच आहे, हे वेगळ्या ओळीत, कारण वाढण्याचा वेग हा त्यांच्यासाठी मोठा प्रश्न असतो. लघवी-शौचाचं काही नसेल तर "नाही" असं लिहा, रिकामं सोडू नका. कार्पल टनेल म्हणून स्प्लिंट दिले आणि फरक नाही हे लिहा, नाहीतर तीच चिठ्ठी परत चिकटेल. तुम्ही काय केलं आणि काय केलं नाही तेही, म्हणजे मॅनिप्युलेशन झालेलं नाही. खाली तुमचा फोन नंबर.

पत्र बाईंच्या हातात द्या आणि क्लिनिकमधून फोनही करा. तोपर्यंत मानेला मॅनिप्युलेशन नाही, ट्रॅक्शन नाही, मान टोकापर्यंत मागे नेणारं काही नाही. पडण्यापासून सांभाळा, जिन्याला कठडा, रात्री दिवा, सैल चपला नकोत. चाल एकदम बिघडली, हातपायाची ताकद गेली, लघवी अडकली किंवा आपोआप व्हायला लागली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीत, हे बाईंना आणि घरच्या एका माणसाला समोर बसवून सांगा आणि लिहूनही द्या.

---

मणका_आणि_मी

आणि पत्रावर सही दोघांची करा, तुमची आणि सरांची. एमआरआय आल्यावर दोघांनी एकत्र बसून तो तुमच्या तपासणीशी ताडून बघा, कुठल्या लेव्हलला दाब आहे आणि तुमच्या चाचण्यांनी काय सांगितलं होतं. रिपोर्ट इथे नाव काढून टाकलात तर आम्हालाही वाचायला आवडेल.